मोगऱ्याचं अत्तर आणि जिजाऊंचं माहेर

जालन्याहून मेहकरच्या रस्त्याला लागलं, की तासाभरात सिंदखेडराजा येतं. बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे जिजाऊंचं माहेर. १२ जानेवारीच्या जन्मोत्सवाला इथं पाय ठेवायला जागा नसते. म्हणून गर्दी ओसरल्यावर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत जावं. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचं भव्य प्रवेशद्वार, मोती तलाव, पुतळा बारव, नीलकंठेश्वराचं देऊळ सारं निवांत पाहता येतं. रंगपंचमीला बाळ जिजाऊ नि शहाजी यांनी एकमेकांवर रंग उधळला आणि तिथंच सोयरिकीची गोष्ट निघाली, असं सांगतात. तो रंगमहालही इथलाच.

गावातल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. यजमानीणबाईंनी मनगटावर मोगऱ्याच्या अत्तराची काडी फिरवली, आणि बाहेर कडाक्याची थंडी असताना डोळ्यांपुढं चैत्र उभा राहिला! माठातलं गार पाणी, आंब्याची डाळ, अंगणातली बाज, ओल्या फडक्यात जपलेला गजरा... उन्हाळ्याचं फूल जानेवारीत भेटतं ते या अत्तरामुळंच.

हे अत्तर कनौजला होतं. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं नि पाणी घालून झाकण मातीनं लिंपतात, खाली मंद आच ठेवतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरते. फूल संध्याकाळी उमलून सकाळी कोमेजतं, पण चंदन त्याचा वास धरून ठेवतं.

दाराशी एक आजी टेकून उभ्या होत्या. काडी पुढं येताच त्यांनी हात पदराखाली घेतला. "मले नको माय, मी पांढऱ्या कपाळाची."

"अत्तराले का माहीत मावशी, कोनाचं कपाळ कसं हाय ते?" यजमानीण म्हणाल्या आणि त्यांनी तो हात हळूच ओढून काडी टेकवली. आजी कितीतरी वेळ मनगट नाकाशी धरून होत्या. "लगनात लावलं व्हतं," एवढंच म्हणाल्या.

ज्या गावात हे घडलं, त्याच गावच्या लेकीला १६६४ मध्ये वैधव्य आलं. त्यानंतरही दहा वर्षं ती राजमाता म्हणून उभी राहिली आणि १६७४ मध्ये लेकाचा राज्याभिषेक पाहूनच तिनं डोळे मिटले. तिच्या जयंतीला आपण हार घालायचे आणि शेजारच्या विधवेला गजऱ्यापासून लांब ठेवायचं, हे कसं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. पण ठराव उंबरठ्यापर्यंतच येतो. आतलं काम आपल्यालाच करायचं असतं.

जाता जाता दोन गोष्टी. अत्तराची कुपी उन्हात ठेवू नये आणि अत्तर रेशमी साडीला न लावता मनगटावर टेकवावं, म्हणजे डाग पडत नाही. आणि यंदा वाण थोडं साधं आणलंत तरी चालेल, पण शेजारच्या मावशींना बोलावणं धाडायला विसरू नका.