कळत होतं, पण वळत नव्हतं!

जुन्या गोव्याला सहलीला गेलात, की टेकडीवर जांभ्या दगडाचा एक उंच, पडका मनोरा दिसतो. सेंट ऑगस्टिनचा मनोरा! पण ज्यांचं नाव त्याला मिळालं, ते ऑगस्टिन गोव्यात कधीच आले नव्हते. मग ते होते तरी कोण? ते ऐकायचं, तर चला इटलीतल्या मिलान शहरी.

मिलानच्या मधोमध संगमरवराचं भलंमोठं कॅथेड्रल आहे. प्रवासी त्याच्या गच्चीवर जायला धावतात. आपण मात्र जिना उतरून खाली जाऊ. इथं जमिनीखाली आठ बाजूंच्या एका कुंडाचे अवशेष आहेत. सोळाशे वर्षांपूर्वी इथं बाप्तिस्मा देत असत. आपली गोष्ट इथंच येऊन पोचणार आहे.

ऑगस्टिनचा जन्म इ.स. 354 चा, उत्तर आफ्रिकेतल्या आजच्या अल्जीरियातला. पोरगा हुशार, पण उनाड! सोळाव्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर रात्री नासपतीचं झाड लुटलं. भूक लागली होती म्हणून? छे! घरी याहून चांगली फळं होती. चोरलेली फळं त्यांनी डुकरांपुढं टाकली. नको ते करण्यातली मजा, दुसरं काय!

आई मोनिका ख्रिस्ताची भक्त. लेकासाठी ती रडायची, प्रार्थना करायची. लेकाला हवं होतं मोठं नाव. 384 मध्ये तो मिलानला वक्तृत्वाचा शिक्षक झाला. इथले बिशप अँब्रोज यांची प्रवचनं तो ऐकू लागला, तीही फक्त त्यांची बोलण्याची ढब पाहायला! पण शब्दांबरोबर हळूहळू अर्थही आत शिरला.

म्हणून तो लगेच बदलला असं समजू नका. त्याला कळत होतं, पण वळत नव्हतं. ‘उद्या बघू’ म्हणत तो दिवस ढकलत होता. आपलंही असंच होतं ना?

386 मध्ये एकदा तो बागेत स्वतःवरच चिडून रडत होता. तेवढ्यात शेजारून एका लहान मुलाचा आवाज आला. काहीतरी हाती घेऊन वाचायला सांगणारं गाणंच जणू! ऑगस्टिननं जवळचं संत पौलाच्या पत्रांचं पुस्तक उघडलं, एक उतारा वाचला आणि मनाची घालमेल थांबली. 387 च्या ईस्टरच्या आदल्या रात्री अँब्रोज यांनी त्याला बाप्तिस्मा दिला, तो इथंच, या कुंडात. सोबत त्याचा मुलगाही होता.

आईनं हे डोळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी घरी परतताना, रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात ती वारली. गंमत म्हणजे, 1945 मध्ये तिथं दोन मुलं खेळाचा खांब रोवायला खड्डा खणत होती, तेव्हा तिच्या थडग्यावरच्या लेखाचा तुकडा सापडला!

पुढं ऑगस्टिन आफ्रिकेत हिप्पो गावचे बिशप झाले. एवढ्या मानाच्या पदावर असताना त्यांनी आपली कहाणी लिहिली आणि फळांची ती चोरीही त्यात सांगून टाकली. लपवली असती, तर कुणाला कळणार होतं? 430 मध्ये ते वारले. त्यांचं नाव घेणाऱ्या संन्याशांनी पुढं गोव्यात चर्च बांधलं. आपला मनोरा त्याचाच.

पुढच्या सहलीत तो पाहाल, तेव्हा ती फळं आठवा. आणि हो, तुमचंही एखादं ‘उद्या बघू’ राहिलं असेल, तर ते आजच उरका!