आढ्यावरचं शहर : इंदूरच्या रोजनिशीतली काही पानं

२५ मे २०२४, शनिवार

आजपासून नवतपा. रोहिणीतला सूर्य हे नऊ दिवस जितका तापेल तितका पुढे पाऊस चांगला, असं माळव्यातला शेतकरी मानतो. दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पारा चाळिशीच्या वर, लू चाललेली, ओठ फुटलेले. पुण्याहून बहिणीचा फोन आला. म्हणाली, "तुमच्याकडे अगदी राजस्थानसारखं होत असेल ना रे?"

उन्हापुरतं तिचं खरं आहे. पण इंदूरला वर्षाकाठी सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात पडतो त्याहून जास्त. जोधपूरला साडेतीनशेच्या जवळपास. जोधपूर थरच्या काठावर वसलेलं, त्याला हिमालयाचं पाणी कालव्याने, पंपांनी उचलत दोनशे किलोमीटरवरून आणावं लागतं, हे कुणालाही पटेल. पण आभाळातून त्याच्या अडीचपट पाणी मिळूनही इंदूर नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून उचलून आणतं. पावलोपावली पाणी म्हणून ज्या माळव्याची ख्याती, त्याच्या सर्वांत मोठ्या शहराची ही स्थिती. हे असं का, ते या उन्हाळ्यात नीट लिहून ठेवायचं आहे.

२८ मे

आज नर्मदेचा दिवस. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं असं कुणी म्हणत नाही, 'नर्मदा आली' म्हणतात. एक दिवसाआड येते. पहाटेच समोरच्या काकूंची हाक आली, "अहो, नर्मदा आलीय, हौदाचं झाकण काढा!" पाठोपाठ सगळ्या घरांच्या मोटरी सुरू झाल्या.

१९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकर रस्त्यावर उतरले, तेव्हा काकू शाळेत होत्या. त्याआधी शहराची भिस्त होळकरांनी बांधलेल्या तलावांवर होती : बिलावली, आणि गंभीर नदीवरचं यशवंत सागर. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पहिलं पाणी १९७८ मध्ये आलं. मग दुसरा टप्पा, मग तिसरा. प्रत्येक टप्प्याच्या वेळी वाटलं की आता पुरे झालं, आणि प्रत्येक वेळी शहर त्याच्या पुढे निघून गेलं. २०११ च्या जनगणनेत आम्ही वीस लाखांच्या घरात होतो. त्यानंतर बायपासच्या पलीकडे ज्या वसाहती उठल्या, त्यांतल्या कित्येकांना नर्मदा अजून दिसलेली नाही. तिथे बोरिंग आणि टँकर.

हे पाणी चढवायला लागणारी वीज हा महापालिकेचा फार मोठा खर्च आहे. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले. जलूदला साठ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि पंप त्याच्यावर चालवायचे. पालिकेने मागितलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे लोकांनी देऊ केले. मला त्याचा अभिमान वाटला. पण वीज उन्हाची झाली म्हणून चढ कमी होत नाही.

२ जून, रविवार

तो चढ डोळ्यांनी पाहायला आज महूवरून जाम गेटला गेलो. अहिल्याबाईंच्या काळातली, १७९१ ची ही दगडी वेस घाटमाथ्याच्या अगदी कडेला उभी आहे. मागे महूचं सपाट पठार, आणि वेशीतून पुढे पाऊल टाकलं की जमीन तुटते. खाली निमाड. धुरकट, तांबूस, वाफाळलेलं. त्या धुरकटात कुठेतरी नर्मदा. माथ्यावर वारा इतका की बोलणं ऐकू येईना. खालून येणारा प्रत्येक झोत भट्टीच्या दारातून आल्यासारखा.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि मंडलेश्वरजवळ नर्मदा दीडशेच्या आसपास. मधे विंध्याचा हा कडा शहराहूनही उंच. म्हणजे आमच्या हौदात पडणारा प्रत्येक थेंब आधी अर्धा किलोमीटर सरळ वर चढतो, मग उताराने शहरात येतो. जोधपूरच्या कालव्यालासुद्धा एवढा चढ नाही.

जवळच जानापावचा डोंगर आहे. त्याच्या अंगावर पडलेलं काही पाणी चंबळ होऊन उत्तरेला जातं, काही कारम नदीतून दक्षिणेला नर्मदेत. एक गंगेच्या खोऱ्यात, दुसरं अरबी समुद्राकडे. माळव्याचं पठार उत्तरेकडे हळूहळू कलतं आणि दक्षिणेकडे एकदम तुटतं. इंदूर या छपराच्या आढ्याला लागून बसलं आहे. आढ्यावर पाऊस कितीही पडो, तिथे थांबत नाही. मोठी नदी व्हायला लागतं तेवढं अंतर आमच्या वरच्या अंगाला उरलेलंच नाही. कान्ह आणि सरस्वती या शहराच्या नद्या म्हणजे अगदी वरच्या ओघळी, पावसाळ्यापुरत्या भरणाऱ्या.

६ जून

या दोन-तीन दिवसांत साडेबाराच्या जरा आधी अंगणातल्या खांबाला सावली राहत नाही. कर्कवृत्त उज्जैनच्याही उत्तरेला, म्हणून सूर्य आमच्या डोक्यावरून वर्षात दोनदा जातो : आत्ता आणि परत जुलैच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या वेळी बहुधा ढग असतात, कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवस तापतात, याचं जुन्या लोकांना काही वाटत नसे, कारण रात्री थंड असत. उंचीवरची कोरडी हवा, उघडी काळी जमीन आणि पश्चिमेचा वारा. सूर्य मावळला की माती उष्णता भराभर सोडून देई. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ तशी माळव्याची रात्र, असं उगाच नाही म्हणत. काल रात्री अकराला गच्चीच्या कठड्यावर हात ठेवला तर तो कोमट होता. मागच्याच आठवड्यात देपालपूर रस्त्यावर मित्राच्या शेतात नऊ वाजताच पायाशी चादर घ्यावी लागली होती. आभाळ तेच, वाराही तोच. मातीवर सिमेंट घालून शहराने स्वतःच्या रात्री गमावल्या आहेत आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

९ जून

मागच्या गल्लीत काल संध्याकाळपासून बोरिंग चालू. सकाळी जाऊन उभा राहिलो. भोकातून उडणाऱ्या भुकटीचे रंग थराथराने बदलत गेले होते आणि बाजूच्या ढिगात ते सगळे दिसत होते : खाली काळी माती, तिच्यावर पिवळट मुरूम, आणि सगळ्यात वर निळसर राखाडी दगडाचं पीठ. एकदा मुरमात ओल दिसली, मग नुसतं पीठ. सहाशे फुटांच्या खाली गेल्यावर मिस्त्रीने मशीन बंद केलं आणि घरमालकांना म्हणाला, "बाबूजी, पत्थर सूखा है." ते काही बोलले नाहीत. तीन वर्षांपूर्वीची बोरिंग आटली म्हणून ही दुसरी काढत होते.

हा दगड म्हणजे सह्याद्रीचाच काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. वाळूसारखा तो पाणी धरत नाही. पाणी राहतं वरच्या कुजलेल्या मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्ये. दरवर्षी पावसाने भरायचं, दरवर्षी उपसून रिकामं व्हायचं. उथळ विहिरींना हे उत्तम जमत होतं, म्हणून तर माळव्यात पावलोपावली पाणी होतं. आपण मुरमावर सिमेंट घातलं, त्याची भरणी बंद केली आणि खाली जिथे पाणी नाहीच तिथे शोधत निघालो.

विहिरी, बावड्यांचंही तेच केलं. ३० मार्च २०२३, रामनवमी. पटेल नगरमधल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जमीन खचली. खाली जुनी बावडी होती, वर फरशी टाकून झाकलेली. छत्तीस माणसं गेली. त्या दिवसापासून मंदिरात, लग्नाच्या हॉलमध्ये मी पायाखाली बघून चालतो. पाण्याची जागा झाकली म्हणून ती नाहीशी होत नाही, हे सांगायला एवढी माणसं जावी लागली.

१ जुलै

रात्रभर पाऊस. सकाळी चौकात गुडघाभर पाणी, दुपारी सगळं वाहून गेलेलं.

कॉलनीच्या बैठकीत मी हिशेब मांडला. शंभर चौरस मीटरचं छत, साडेनऊशे मिलिमीटर पाऊस : पंचाण्णव हजार लिटर. सांडलवंड जाऊन ऐंशी हजार धरा. पाच माणसांच्या घराला, माणशी १३५ लिटरने, जवळजवळ चार महिने पुरतील. ते सगळं आपण पन्हळीतून गटारात सोडतो आणि दोन दिवसांनी जलूदहून परत मागवतो. ते गाळून बोरिंगमध्ये सोडू या, असं मी सुचवलं. यावर एक आजोबा म्हणाले, "पण अहो, बोरिंगमध्ये घाण पाणी गेलं तर?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पहिला पाऊस वाहून जाऊ द्यायचा, मधे वाळू-गिट्टीची गाळणी घालायची आणि ती दरवर्षी धुवायची. धुणार कोण, यावर तासभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती, कारण याआधी बसवलेल्या कितीतरी गाळण्या बंद पडल्या आहेत त्या याच एका कारणाने.

१४ जुलै, रविवार

आज रेवती रेंजच्या टेकाडांवर चोवीस तासांत अकरा लाखांहून अधिक रोपं लावून शहराने विश्वविक्रम केला. शाळेची मुलं चिखलात हात घालून रोपं लावत होती, ते बघून बरं वाटलं. मुरमाड उताराला मुळांची गरज आहेच. पण माझं लक्ष पुढच्या मे महिन्याकडे आहे. त्या खड्ड्यांना तेव्हा पाणी घालणारा माणूस आजच्या विक्रमापेक्षा मोठा.

अशा चिकाटीचं उदाहरण इथेच आहे. सिरपूरचा होळकरकालीन तलाव कचऱ्याने आणि अतिक्रमणाने संपत आला होता. इथले पक्षीप्रेमी भालू मोंढे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागले, पक्षी मोजत राहिले, तक्रारी करत राहिले. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

२० जुलै

संध्याकाळी कान्हकाठच्या कृष्णपुरा छत्र्यांपाशी, होळकरांच्या स्मारकांपाशी, गेलो. कान्ह भरून वाहत होती, फेस आणि पिशव्या घेऊन.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये दिला. प्लेगच्या काळात त्याने दिवाळीची मिरवणूकच स्वच्छतेची केली होती, तिची आठवण अजून काढतात. त्याचं दुसरं म्हणणं मात्र विस्मरणात गेलं : मैला-सांडपाणी नदीच्या गळ्यात बांधू नका, बागांच्या मातीला द्या. आम्ही उलटं केलं. आता कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेत जाते, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं नर्मदेचं पाणी आम्ही विंध्यावर चढवतो, वापरतो आणि मळवून गंगेच्या वाटेला लावतो. क्षिप्रेलाही धार राहावी म्हणून २०१४ पासून उज्जैनी गावाजवळ तिच्यात नर्मदाच सोडतात. एका नदीवर किती भार टाकायचा? जलूदच्या खाली, निमाडातही माणसं राहतात.

२०२८ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी उज्जैनला वळसा घालून बंद नळीतून पुढे नेण्याचं काम हाती घेतलं आहे. त्याने यात्रेकरूंचं स्नान स्वच्छ होईल. नदी स्वच्छ करायची तर ती इथेच, नाल्यांच्या तोंडाशी करावी लागेल. आणि बायपासपलीकडच्या नव्या वसाहतींना परवानगी देण्याआधी त्या जमिनीवरचे ओढे, विहिरी नकाशावर दाखवून तशाच मोकळ्या ठेवायला लावल्या पाहिजेत. पालिकेला द्यायचा अर्ज मी आज रात्री पुरा करतो आहे. छतांच्या पाइपचं काम सोमवारी आमच्या घरापासून सुरू होईल. गाळणी धुण्याची पहिली पाळी आजोबांनी आपणहून मागून घेतली आहे.