पिवळा दिवा लागला आणि पिकअप गेला

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांत विझतात, हे तुम्ही रोज पाहत असाल. ती सजावट नाही. हे दिवे शाबूत आहेत, वेळ आली तर लागतील, एवढं गाडी तुम्हाला दाखवून देते. म्हणून एखादा दिवा त्या वेळी लागलाच नाही, तर तेही लक्षात घ्या. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा हे आवर्जून बघा, कारण गाडी खपावी म्हणून इंजिनचा दिवाच बंद करून ठेवणारे लोक असतात.

रंगांचा हिशोब सोपा आहे. हिरवा आणि निळा फक्त माहिती देतात. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. त्यात तेलाची किटली किंवा थर्मामीटर लाल दिसला, तर थांबून इंजिनही बंद करा. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडलंय, दाखवून घ्या. पण पिवळा दिवा लागला आणि त्याच क्षणी गाडीचा पिकअपही गेला, तर? ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय आणि गाडी बैलगाडीसारखी चालते आहे, मागून ट्रक हॉर्न देतोय. घाबरायला होतं ते तेव्हा. आमच्या घरात या एका दिव्यावरून आठवडाभर जे रामायण झालं, ते तुम्हाला सांगते. त्यातलं बरंचसं तुमच्याही उपयोगी पडेल.

आम्ही झाशीचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशी आमची चौथी पिढी. गाडी एकच, टर्बो पेट्रोल इंजिनची छोटी हॅचबॅक. दोन वर्षांपूर्वी आईची केमोथेरपी सुरू होती. दर तीन आठवड्यांनी तिला ग्वाल्हेरला न्यावं लागायचं, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. आमच्या घरात गाडीचं काम तेव्हा तेच होतं. आणि नेमका त्याच डिसेंबरात नोएडात नोकरी करणाऱ्या दादाला ट्रॅक डेचं वेड लागलं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. आपली रोजची गाडी बंद सर्किटवर न्यायची, हेल्मेट घालायचं, आपल्या अनुभवाच्या गटात पंधरा-वीस मिनिटं चालवायची, बाहेर यायचं, गाडी थंड करायची, पुन्हा जायचं. समोरून कुणी येत नाही, गाय आडवी येत नाही. दादाला जायचं होतं ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक, १६ वळणं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झालं, २०२३ मध्ये मोटोजीपी झालं. आपली हॅचबॅक त्या ट्रॅकवर, या कल्पनेनेच दादा हवेत होता.

बाबांनी चष्मा लावून विम्याचे कागद काढले आणि वाचून दाखवलं की शर्यत आणि वेगाची चाचणी यांत झालेलं नुकसान पॉलिसीत धरत नाहीत. ते खरंच आहे, तुमच्याही पॉलिसीत बघा. दादा गप्प झाला. मग आईच म्हणाली, "अहो, पुढच्या केमोला अजून दहा दिवस आहेत. जाऊ दे त्याला. घरात कुणीतरी मजेचं बोलू दे." यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. मला मात्र सोबत पाठवलं, लक्ष ठेवायला. मी घरून कंटेंट लिहिते, लॅपटॉप कुठेही चालतो.

तिथे गेल्यावर कळलं की रस्त्यावर कधी न दिसणारे त्रास ट्रॅकवर का दिसतात. लांब वळणावर वेगाने गेलं की इंजिनातलं तेल एका बाजूला सरकतं. तेल आधीच कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते आणि तेलाची लाल किटली क्षणभर लुकलुकते. पेट्रोलचंही तसंच. टाकी पाव असेल तर वळणात गाडी अडखळते, म्हणून जाणते लोक अर्ध्याहून जास्त टाकी ठेवतात. कूलंटचा काटा चढला की एक फेरी हळू मारतात, एसी बंद ठेवतात.

ब्रेकचं ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ फ्लुइड निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरलेलं तेच फ्लुइड १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. आणि याचा दिवा लागेलच असं नाही. ब्रेकचा लाल दिवा फ्लुइडची पातळी उतरली की लागतो, ते उकळलं म्हणून नाही. म्हणजे सगळ्यांत धोक्याची गोष्ट पायाला कळते, डोळ्यांना दिसत नाही. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर कुटुंबाच्या गाडीतही हेच होऊ शकतं. खालचा गिअर टाका.

आमची गाडी दोन फेऱ्यांच्या सत्रांत छान चालली. तिसऱ्या सत्रात एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर, चौथ्या गिअरमध्ये, पिवळा इंजिनचा दिवा लागला आणि पिकअप गेला. आरपीएम तीन हजारांच्या वर जाईना. दादाने हात बाहेर काढून खूण केली, कडेकडेने पिट लेनमध्ये आला. तिथल्या एका अनुभवी माणसाने बघितलं आणि म्हणाला, लिंप मोड.

लिंप म्हणजे लंगडणं. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. किती दाबाने हवा हवी हे गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो आणि सेन्सर मोजून सांगतो की किती आली. मागितली एवढी, आली कमी, असं वारंवार झालं की ईसीयू टर्बोचा जोरच कमी करून टाकतो, इंजिन आणि टर्बोवर ताण येऊ नये म्हणून. गाडी मुद्दाम लंगडते. घरापर्यंत पोचता यावं, पण पळता येऊ नये, एवढीच ताकद ती ठेवते.

दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून परत चालू केलं, तर दिवा तसाच होता, पण पिकअप आला होता. दादा अगदी हळू एक फेरी मारून आला, काही नाही. दुसऱ्या फेरीत त्याच सरळ पट्ट्यावर जोर दिला आणि परत तेच. मी माझ्या वहीत सगळं लिहून घेत होते: कितवा गिअर, किती आरपीएम, तापमानाचा काटा मध्येच, पेट्रोल अर्ध्यावर, धूर नाही, आणि जोर दिला की बोनेटमधून बारीक शीळ. लिहून घेणं ही माझी नोकरीची सवय, त्यात हुशारी काही नाही. दादाने मग ट्रॅक सोडला. परतताना यमुना एक्सप्रेसवेवर आणि पुढे आग्र्याहून झाशीपर्यंत ऐंशीच्या वेगाने गाडी शहाण्यासारखी आली.

झाशीतल्या एका मोठ्या गॅरेजने स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. कोड पुसला, सीपरी बाजारच्या गर्दीतून एक चक्कर मारली, दिवा लागला नाही. तरी निकाल तयार होता: टर्बो गेला, नवा बसवा, सगळं मिळून नव्वद हजार. गाडी आठ दिवस ठेवावी लागेल. आईची केमो पाच दिवसांवर होती.

बाबा त्या रात्री एफडी मोडायचा हिशोब करत बसले. दादा समोर मान खाली घालून. मला राहून राहून एक खटकत होतं. कोड काय सांगतो? दाब कमी आला, एवढंच. दाब का कमी आला, ते नाही. ताप आहे हे थर्मामीटर सांगतं. मलेरिया की टायफॉइड, ते बघायला रक्त तपासावं लागतं. टर्बो खरंच झिजला असता तर सहसा निळसर धूर, तेल कमी होणं, असं काहीतरी दिसायला हवं होतं. आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. फक्त पूर्ण जोर दिला की शीळ आणि लगेच दिवा. बाजारातल्या चकरेत इंजिनावर जोरच येत नाही, मग दिवा लागणार कसा?

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी इलाइट चौराह्याजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी माझं पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बिटिया, हवा कहीं से निकल रही है." मग स्मोक टेस्ट केली. हवेच्या मार्गात यंत्राने धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. धूर आला टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या खालच्या बाजूने, क्लॅम्पला लागूनच. तिथे चीर होती. हाताने चाचपूनच कळणारी, वरून न दिसणारी. हळू चालवताना ती मिटलेली असायची. दाब वाढला की उघडायची आणि हवा शिट्टी मारत बाहेर. टर्बो ठणठणीत होता.

नवा होज मागवायला आठवडा लागणार होता. मिस्त्रींनी चिरलेलं टोक बोटभर कापलं, होज ओढून क्लॅम्प घट्ट केला आणि सांगितलं, "काम चल जाएगा, पर जोर मत देना." अडीच हजारांच्या आसपास सगळं आटोपलं, नव्या होजसकट.

पाच दिवसांनी आईला घेऊन आम्ही ग्वाल्हेरला निघालो. सत्तरचा वेग, डावी लेन, ओव्हरटेक नाही. बाबा पुढे बसून डॅशबोर्डकडे असे बघत होते जणू आयसीयूचा मॉनिटर आहे. दतिया गेल्यावर मागून आई म्हणाली, "लागला का गं दिवा?" मी म्हटलं, "नाही. लागला तरी गाडी बंद पडत नाही, फक्त हळू होते." "मग ठीक आहे," म्हणून ती उशीवर टेकून झोपली. येताना तिला मळमळत होतं, वाटेत दोनदा थांबलो. दिवा लागला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर पाय हळूच वर घ्या, इंडिकेटर देऊन डावीकडे या. दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते बघा. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी थरथरत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो, आणि तो महाग असतो. अशा वेळी पुढे रेटू नका. दिवा स्थिर असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जाता येतं. काटा लाल रेघेकडे जात असेल तर एसी बंद करा, थांबा, आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरच्या टोपीला हात लावू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे झाशीकरांना सांगावं लागत नाही.

डिझेल गाडीवाल्यांचं वेगळं दुखणं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, सगळीकडे दिसू लागला. ही काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, गरम चालावी लागते. घर ते शाळा, शाळा ते भाजीबाजार एवढंच चालवलं तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर हीच लंगडी चाल सुरू होते. आमच्या शेजारच्या काकांनी त्यासाठी रविवारी सकाळी ओरछ्यापर्यंत जायचं ठरवून टाकलंय. रामराजाचं दर्शन होतं आणि फिल्टरही साफ.

आणि गॅरेजमध्ये कोड पुसण्याआधी त्याचा फोटो मागा. बऱ्याच गाड्यांत कोडसोबत त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमानही साठवलेलं असतं. पुसलं की तेही जातं. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर हजार-दोन हजारांत मिळतो. दादाने तोच मला भाऊबीजेला दिला. साडी मागितली होती मी.

आईची शेवटची केमो मार्चमध्ये झाली. नवा होज तोवर बसला होता. मिस्त्रींना शेजारी बसवून दादाने रिकाम्या हायवेवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी उचलून पाहिली, शीळ नाही. जुना होज बाबांनी टाकू दिलेला नाही. तो जिन्याखाली खिळ्याला टांगलेला आहे, आणि दादाने परत ट्रॅक डेचा विषय काढला की बाबा तिकडे नुसतं बोट दाखवतात आणि विचारतात, "ब्रेक फ्लुइड कधी बदललंस?"