विराम

निवृत्तीनंतरचे दिवस बसवकल्याणच्या घरी निवांत चालले होते. एके सकाळी देवपूजेस बसलो असता डोळ्यांपुढे अंधारी आली. भानावर आलो तेव्हा निरांजन कलंडलेले होते आणि पत्नी पदराने वारा घालीत होती. पुढच्याच आठवड्यात कलबुर्गीस माझ्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला.

आयुष्य महसूल खात्यात गेल्याने कोणतेही प्रकरण मुळापासून वाचण्याची सवय. हेही वाचले. हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक यांनी तो १९०७ साली जगापुढे आणला. या पेशींना कोणाच्या हुकमाची गरज नसते. विद्युत्भारित कण आत झिरपत राहतात, भार ठराविक मर्यादेस पोहोचला की ठोका उमटतो. मज्जातंतू गती कमी-अधिक करतात. ठोका मात्र पेशींचा स्वतःचा. माझ्या पेशी त्यात चुकू लागल्या होत्या.

१९५८ साली स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेले पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. ते गृहस्थ मात्र पुढची यंत्रे बदलत २००१ पर्यंत जगले. आजचे यंत्र आधी ऐकते. ठोका वेळेवर आला तर गप्प राहते, न आला तरच सूक्ष्म स्पंद देते.

एका गोष्टीने मात्र मी अस्वस्थ झालो. बाहेरून अधिक जलद स्पंद मिळत राहिले की या पेशी दबून जातात, आणि ते थांबले तरी लगेच जाग्या होत नाहीत. कचेरीत मी हेच केले होते. प्रत्येक टिपणी स्वतः लिहीत असे; रजेवर गेलो की फायली जागच्या जागी.

तपासणीस गेलो तेव्हा डॉक्टर कन्नडमधून म्हणाले, "सर, तुमचे स्वतःचे किती उरले आहे ते पाहू या," आणि यंत्राची गती उतरवू लागले. साठ, पन्नास, चाळीस, तीस. पडद्यावरची रेषा सपाट राहू लागली. पत्नीने माझे मनगट घट्ट धरले. मग यंत्राची उभी रेघ नसलेला एक ठोका उमटला. काही वेळाने दुसरा. संथ, पण माझे.

घरी येताच शेताच्या हिशेबाची वही मुलाच्या हाती दिली. पहिल्याच महिन्यात त्याने बेरजेच्या दोन चुका केल्या. मी गप्प राहिलो. दुसरी त्याची त्यालाच सापडली.