बघणाऱ्या देवा

नगरच्या जुन्या घरात आम्ही सारी चुलत-आते भावंडं एकत्र वाढलो. शब्बाथशाळेत वचनं पाठ केली, पण देव ओळखीचा झाला तो घरातल्या मोठ्यांच्या हाकांमधून. रात्री जेवणं उरकली की कंदिलाभोवती घरची उपासना व्हायची. पहिली हाक कानावर पडली की पुढची प्रार्थना कोणत्या वळणाने जाणार ते आम्हाला कळायचं.

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या जुन्या बायबलात ‘यहोवा’ छापलेलं होतं आणि ते नाव त्यांच्या तोंडून आलं की आम्ही पाय आवरून बसायचो. जळतं झुडूप, धुमसणारा सीनाय पर्वत, सगळं डोळ्यांपुढे उभं राहायचं. तो धाक आम्हाला लाभला, हे बरंच झालं. देवाला आपल्या कामांची यादी देऊन मोकळं व्हायचं नसतं, हे तेव्हाच मनात रुजलं.

आजीचा देव वेगळ्या वाटेने आला होता. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पुढे नगरात राहिले, आणि त्यांची भजनं मराठी मंडळीच्या ओठी बसली. त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हटलं, आई म्हटलं. आजीला लिहिता येत नव्हतं, पण ही भजनं तिला तोंडपाठ होती आणि ती प्रभूला सरळ ‘आई’ म्हणायची. शेजारच्या माळकरी आजी विठ्ठलाला माउली म्हणत. दोघी ओट्यावर निवडत-टिपत बसल्या की दोघींच्या बोलण्यातली आई आम्हाला सारखीच जवळची वाटे.

मग 1972 चा दुष्काळ आला. विहिरींनी तळ गाठला, काका-काकू खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले, घरात मिलोच्या लाल भाकरी आल्या. त्या दिवसांत काका ‘यहोवा यिरे’ म्हणू लागले. अब्राहामाने मोरिया डोंगरावरच्या जागेला ठेवलेलं ते नाव, पुरवणाऱ्या देवावरून. ती भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी तिच्यासाठी उपकार मानल्याशिवाय कोणी घास तोडला नाही. पोट भरलेलं असताना हे नाव घेणं सोपं आहे. ते आम्ही शिकलो ते रिकाम्या कणगीशेजारी.

पण सर्वांत खोल गेली ती आत्याची हाक. सासरच्यांनी तिला पदरातल्या पोरासकट घराबाहेर काढलं होतं. ती माहेरी परतली आणि उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायाशी थांबली. तिथे हागार आहे : परमुलखातली दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाने रानात पळालेली. देवदूत तिला झऱ्यापाशी गाठतो, आणि ती देवाला नाव देते : मला पाहणारा देव. कुलपिते, राजे, संदेष्टे यांनी भरलेल्या त्या ग्रंथात असं नाव ठेवण्याचं धाडस या बाईने केलं, याचं आत्याला फार अप्रूप होतं. पाळकसाहेब हागारेवर कधी उपदेश करत नाहीत, अशी तिची तक्रार असे. ती खरी होती, अजूनही आहे. ‘बघणाऱ्या देवा’ म्हणून ती प्रार्थनेला सुरुवात करी. न्याय मागत नसे, सूडही नाही. आपलं काय झालं ते त्याने बघितलं आहे, एवढ्यावर ती उभी राहिली, नर्सिंग शिकली, पोराला वाढवलं.

आज आमच्या मुलांच्या गाण्यांत देव बहुतेक राजा असतो. राजा तो आहेच. तरी या पोरांच्या वाट्याला आई, पुरवणारा, बघणारा हेही यावेत, म्हणून आम्ही भावंडं भेटलो की त्यांना मुद्दाम शेजारी बसवून मोठ्याने प्रार्थना करतो.

आत्या गेल्यावर तिची हाक आमच्यापैकी कोणी उचलली नव्हती. त्या हाकेवर तिचाच हक्क आहे असं वाटायचं. करोनात आमच्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला. त्यानंतरच्या पहिल्या नाताळात प्रार्थनेची पाळी तिच्यावर आली, तेव्हा तिने ‘बघणाऱ्या देवा’ म्हटलं. आता ती रोज तसंच म्हणते आणि तिची शाळकरी लेकही.