भिंतीतली ओल आणि विमा

पावसाळा सरला तरी टेंभुर्णीतल्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत वाळेना. रंगाचे पोपडे सुटत होते, पांढरा क्षार वर येत होता. उजनी धरण जवळ, भोवती उसाला कायम पाणी. त्यामुळे जो तो जमिनीची ओल म्हणायचा. पण ओल खालून चढत नव्हती, मधोमध छातीच्या उंचीवर होती. मिस्त्रीनं थापीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. म्हणाला, "काकू, हितं गिलावा पोकळ झालाय. आत पाइप गळतोय."

त्यानं सांगितलं तसं रात्री गच्चीवरची टाकी भरली, सगळे नळ बंद केले, काठी बुडवून पाणी मोजलं. सकाळी पाणी चांगलंच उतरलं होतं. गिलावा काढला तर विटा ओलीनं काळ्या पडलेल्या, आणि भिंतीत गाडलेल्या पाइपच्या एल्बोला केसाएवढी चीर.

गृहकर्ज घेताना 'भारत गृह रक्षा' पॉलिसी काढली होती. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ती द्यायची, असा विमा नियामकाचा आदेश आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर यांबरोबर पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, ओसंडून झालेलं नुकसानही तिच्यात येतं. म्हणून दावा केला. सर्वेअर आले, फोटो काढले. त्यांचा सगळा भर एकाच प्रश्नावर होता : ओल कधीपासून आहे? पुढे पत्र आलं. पाइप अचानक फुटलेला नाही, हळूहळू पाझरला आहे, म्हणून दावा नामंजूर.

मला हे पटलेलं नाही. भिंतीच्या पोटातली चीर घरमालकाला दिसणार कशी? पण विमा कारण बघतो. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरानं आमच्या माढा तालुक्यातली घरं पाण्यात गेली. तसं नुकसान पुराच्या कलमात बसतं. मुरणाऱ्या पाण्याचं तसं नाही.

भिंतीवर ओल दिसली की त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, कंपनीला लेखी कळवा. सर्वेअर पाहून जाईपर्यंत भिंत दुरुस्त करू नका, फुटका जोड जपून ठेवा. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा; तिथं दाद लागली नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथं तक्रारीला फी लागत नाही.