गळती

"एसीचा गॅस संपलाय, भरून द्या," असं कुणी म्हटलं की अब्बा हमखास चिडायचे. "गॅस क्या पेट्रोल है, जलके खतम होने को?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला लहानपणी तो त्यांचा तिरसटपणा वाटे. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला असं उलट बोलून धंदा कसा चालणार?

पण बोलणं खरं होतं. गाडीचा एसी म्हणजे चहूबाजूंनी बंद असलेली नळी. कंप्रेसर गॅस दाबतो, तो समोरच्या जाळीत आपली उष्णता टाकून पातळ होतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये पुन्हा हवेसारखा होताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. मग परत कंप्रेसरकडे. यात काहीच जळत नाही. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते वेगळं. पण दोन महिन्यांत थंडावा गेला तर कुठेतरी भोक आहे, हे नक्की.

अब्बा हे काम शारजात शिकले. 1983 साली गेले, 1991 साली परत आले आणि सोलापुरात होटगी रोडला पत्र्याचं शेड टाकलं. तेव्हा आमच्याकडे एसीच्या गाड्या थोड्याच. त्या काळचा गॅस आर-12. त्याची गळती शोधायला एक दिवा असे. गळती असली की त्याची ज्योत हिरवी व्हायची. तो धूर विषारी असतो, हे अब्बांना पुष्कळ उशिरा कळलं. पुढे ओझोनच्या कारणाने आर-12 गेला, आर-134ए आला. तोही काही साधा नाही. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त भारी. गळका एसी भरत राहणं म्हणजे तो थोडा थोडा आभाळात सोडणं. अब्बांना हे आकडे ठाऊक नव्हते. वाया घालवणं त्यांना पटत नव्हतं, एवढंच.

या शेडवर माझं डी.एड. झालं. धाकट्या भावाचं झालं नाही. त्याला आम्ही छोटे म्हणतो. मी बारावीला असताना अब्बांचा हात पट्ट्यात सापडला आणि आठवीतला छोटे शेडमध्ये बसला, तो बसलाच. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी पोरं अशीच गॅरेजात गेली. त्यावर मी सभांतून भाषणंही केली आहेत. घरातल्या एकाबद्दल मात्र कधी बोललो नाही.

छोटेचा हिशेब वेगळा होता. "भाई, गिराइक को ठंडी हवा होना. लीकेज नईं होना." अर्ध्या तासात गॅस भरला की पैसे हातात. गळती शोधायला दोन दिवस, आणि त्या मजुरीवर घासाघीस. शेडचं भाडं, दोन पोरांची फी. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नसे.

2019 च्या उन्हाळ्यात अम्मीचं डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातून दोनदा माझ्या जुन्या गाडीतून न्यायचं. परतताना ती अगदी गळून गेलेली असे आणि बाहेर 43 अंश. एसी मार्चमध्ये गेला, छोटेने भरला. एप्रिलमध्ये पुन्हा. मेमध्ये तिसऱ्यांदा. पैसे त्याने घेतले नाहीत. मीच दर वेळी म्हणायचो, "उद्या गाडी लागणार आहे, तू फक्त भरून दे."

रमजानचे दिवस होते. तिसऱ्या वेळी अब्बा शेडवर आले, कंप्रेसरला कान लावला आणि छोटेला म्हणाले, "तेल भी जा रहा है. कंप्रेसर मारेगा क्या?" गॅसबरोबर तेल फिरतं, गॅस गळतो तसं तेही जातं आणि कोरडा कंप्रेसर एक दिवस जाम होतो. मग माझ्याकडे वळले. "और तू मास्टर है ना? तूने पूछा नईं, गॅस कां जाताय?"

आम्ही दोघेही गप्प.

दुसऱ्या दिवशी अम्मीसाठी रिक्षा केली. गाडी खोलली. नळ्यांत नायट्रोजन भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. छोटे म्हणाला, सगळं ठीक आहे. अब्बा म्हणाले, राहू दे रातभर. सकाळी गेजचा काटा खाली आलेला. बाहेर नाही तर मग आत, म्हणजे पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा. पत्र्याखाली तिघांचा रोजा, आणि छोटे एकेक स्क्रू डब्यात टाकत होता. कॉइल निघाली तेव्हा तिच्या खालच्या कोपऱ्यात कुजलेला पालापाचोळा, चिखल आणि तेलकट काळा डाग. अब्बांनी टबात पाणी भरायला लावलं. कॉइल बुडवून नायट्रोजन सोडला. त्या पाण्याकडे आम्ही तिघे कोरड्या घशाने बघत बसलो. बऱ्याच वेळाने मोहरीएवढा बुडबुडा वर आला. मग दुसरा.

छोटेचा चेहरा मी पाहिला. राग नव्हता. शाळेत गणित सुटलं की मुलांचा होतो तसा होता.

नवी कॉइल, नवा ड्रायर. पाऊण तास व्हॅक्यूम. त्याने नळीतली दमट हवा निघते, नाहीतर पाणी आत गोठतं, गॅसशी मिळून आम्ल होतं. व्हॅक्यूम टिकला तेव्हा तेल मोजून घातलं आणि गॅस वजनकाट्यावर भरला. अंदाजाने वर वर भरलं तर आत किती आहे हे कळत नाही, आणि जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो. मगरिबच्या थोडं आधी जाळीसमोर थर्मामीटर धरला. 8 अंश. अब्बा काही बोलले नाहीत, खजूर शोधू लागले.

अम्मी 2020 साली गेली. तोवर त्या गाडीत गॅस भरावा लागला नाही.

ईदनंतर छोटे घरी आला. "भाई, मराठी में एक बोर्ड लिख के दे." मी लिहिलं : 'गॅस भरण्यापूर्वी गळतीची तपासणी करण्यात येईल.' त्याने वाचलं. "ये सरकारी लगताय. सीधा लिख." मग लिहिलं : 'आधी गळती शोधू, मग गॅस भरू.' तेवढं त्याला आवडलं. पेंटरकडे देण्याआधी त्याने माझ्याच पेनने खाली एक ओळ स्वतः लिहिली, 'वेळ' मधला 'ळ' दोनदा गिरवून : 'वेळ लागेल.'